पृथ्वीचा कारभार कोण बघतं?

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेतले दत्तदा हौशी आकाशनिरीक्षक आहेत. रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, हा त्यांचा छंद. एका रात्री त्यांना कुठल्याच यादीत नसलेला धूमकेतू दिसतो. त्याला त्यांचंच नाव मिळतं, कौतुक होतं. पुढे इंग्लंडमधला एक शास्त्रज्ञ त्या धूमकेतूच्या मार्गाचं गणित मांडतो आणि त्याच्या लक्षात येतं, की हा पृथ्वीवर आदळणार. त्याचा निबंध छापण्याआधीच थांबवला जातो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात निवडक तज्ज्ञांची गुप्त परिषद भरते आणि दत्तदांनाही तिथे बोलावणं जातं. अणुस्फोटकं घेऊन यान पाठवायचं, धूमकेतूला वाटेतच ढकलून त्याचा मार्ग बदलायचा आणि यातलं अवाक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं तिथे ठरतं. दत्तदा घरी परततात, तर इकडे धूमकेतूचं अरिष्ट टळावं म्हणून घरच्यांनी यज्ञ योजलेला असतो.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली ती शाळेत असताना, वाचनालयातून आणलेल्या, पानं सुटलेल्या ‘यक्षांची देणगी’ या त्यांच्या कथासंग्रहाच्या प्रतीत. तेव्हा ती सरळ विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा अशीच वाटली होती. मी दत्तदांच्या बाजूने होतो आणि यज्ञ करणाऱ्यांची मला कीव आली होती. परवा ती पुन्हा काढली आणि दत्तदांच्या पत्नीपाशी थांबलो. त्या बाईंना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पृथ्वीवर राहणाऱ्या एकाही सामान्य माणसाला सांगितलं नव्हतं. मग तिने करायचं काय होतं? तिच्या हातात जे होतं ते तिने केलं. ग्रहाच्या जिवावर बेतलेला प्रसंग एका कॉलेजच्या बंद दाराआड निभावला गेला आणि तिला त्यात उभं राहायलाही जागा नव्हती.

मराठी विज्ञानकथेने पृथ्वी कितीतरी वेळा वाचवली आहे. धूमकेतूपासून, हिमयुगापासून, विषाणूंपासून, परग्रहावरच्या पाहुण्यांपासून. पण पृथ्वीचा कारभार कोण बघतं, तिच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाला, वाचवायच्या वेळी आधी कुणाला वाचवायचं हे कोण ठरवणार, हे प्रश्न तिने क्वचितच स्वतःला विचारले. आपल्या कथांतल्या उद्याच्या पृथ्वीवर डॉक्टर आहेत आणि रुग्ण आहेत, नागरिक मात्र जवळपास नाहीत. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर त्यांच्यावर लिहून आलेलं बरंच वाचलं. आदर भरपूर होता आणि तो असायलाच हवा. पण त्यांनी उभ्या केलेल्या वाङ्मयप्रकाराचं पुढे काय होणार, याचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.

मुळापासून पाहायचं तर मराठीत विज्ञानकथा आली ती भाषांतराच्या वाटेने. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर १९००च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून मराठी वाचकांसमोर आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ आली. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत असा काही पोचवला, की पुण्यातल्या दोन पिढ्या त्यांच्याच फास्टर फेणेबरोबर व्हर्नच्याही यानात बसून मोठ्या झाल्या. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने गूढ, भय आणि विज्ञान एकाच टोपलीत ठेवलं. त्याचा फायदाही झाला आणि तोटाही. वाचक मिळाले, पण विज्ञानकथा म्हणजे चमत्कार, ही समजूत घट्ट बसली. नारायण धारपांचं नाव भयकथेशी इतकं चिकटलं, की ‘नेनचिम’, ‘चेतक’, ‘गोग्रामचा चितार’ लिहिणारा हा पुणेकर मराठी विज्ञान कादंबरीचाही मोठा लेखक आहे, हे आजही सांगावं लागतं.

मग मराठी विज्ञान परिषद आली. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेने विज्ञानकथा स्पर्धा भरवल्या आणि १९७४च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये, एवढाच त्यामागे हेतू. ही हकिकत सगळ्यांना माहीत आहे. मला तिच्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठी विज्ञानकथेचं आधुनिक पर्व सुरू झालं ते विज्ञानप्रसारासाठी जन्मलेल्या संस्थेच्या अंगणात. कथेने काही शिकवावं, एखादी कल्पना वाचकाच्या गळी उतरवावी, ही अपेक्षा तिच्या जन्मापासून तिच्या पाठीवर आहे. त्या ओझ्यामुळे तिची शिस्त टिकली, विज्ञान कच्चं राहिलं नाही. पण ज्या प्रश्नाला समीकरणात उत्तर नाही, त्या प्रश्नाकडे ती वळली नाही, याचंही हेच कारण असावं.

दुसरं कारण केंब्रिजमध्ये आहे. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल हे स्वतः विज्ञान कादंबरीकार. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ सालची. वायूचा एक अवाढव्य ढग सूर्याकडे येतो. ब्रिटिश सरकार शास्त्रज्ञांना एका जुन्या वाड्यात एकत्र ठेवतं, आणि हे शास्त्रज्ञ दळणवळणाच्या नाड्या आपल्या हाती घेऊन सरकारांनाच दमात घेतात. राजकारणी मूर्ख, उतावळे. ते त्या सजीव ढगावर अण्वस्त्रं सोडतात आणि ढग ती त्यांच्याकडेच परत पाठवतो. हॉइलना राजकारणाचा मनस्वी तिटकारा होता, तो पानापानांत दिसतो. नारळीकरांचा स्वभाव वेगळा, सौम्य. त्यांनी तो तिटकारा घेतला नाही, पण नकाशा तोच घेतला. एका बाजूला जाणते शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला समजावून सांगावं लागणारं सरकार, आणि लोक कुठेतरी लांब, पडद्यामागे. नारळीकरांच्या कथांतले मंत्री नि अधिकारी बहुतेक वेळा टेबलापलीकडे बसलेले असतात. त्यांना मत नसतं, त्यांचा फक्त होकार किंवा नकार असतो. मराठी विज्ञानकथेने पुढे हे टेबल जसंच्या तसं उचललं.

आणि तरीही मराठीतली सर्वांत धारदार राजकीय विज्ञानकथा नारळीकरांचीच आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे १७६१ साली पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागलीच नाही, ती कानाजवळून गेली. मराठे जिंकले. त्या जगात हिंदुस्थान कधी गुलाम झालाच नाही. मुंबई तेवढी इंग्रजांकडे आहे, तीही व्यापारापुरती, करारावर. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना सरहद्दीवर परवाना दाखवावा लागतो. पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात स्वतःचेच ग्रंथ उघडतात आणि त्यातला इतिहास कुठल्या पानावर वेगळ्या वाटेला लागला ते शोधतात.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग आझाद मैदानावरचा. तिथे सभा चालू आहे, व्यासपीठावर वक्ता आहे, पण अध्यक्षाची खुर्ची रिकामी. पुण्यात उभी हयात सभांचं अध्यक्षपद भूषवण्यात गेलेल्या गंगाधरपंतांना हे बघवत नाही. ते सरळ जाऊन खुर्चीत बसतात आणि बोलू लागतात. लोक खवळतात. त्या जगात अध्यक्षांची प्रथा केव्हाच मोडीत निघालेली असते, लोकांना ती लांबण नको असते. पंतांवर टोमॅटो नि अंडी फेकली जातात. केवढी मोठी राजकीय कल्पना किती छोट्या वस्तूत ठेवली आहे पाहा. जो समाज गुलाम झाला नाही, त्याच्या सवयीसुद्धा वेगळ्या झाल्या. त्याला व्यासपीठावर कुणी वडीलधारा बसलेला लागत नाही. राज्यघटना, निवडणुका, सत्ता यांवर एकही व्याख्यान न देता एका खुर्चीतून स्वतंत्र नागरिक दिसला. नारळीकरांना हे जमत होतं, आणि ते भूतकाळाच्या बाबतीत जमलं. भविष्याकडे वळताना त्यांनी ही नजर बाजूला ठेवली, याची मला हळहळ वाटते.

बाहेरच्या जगात काय चाललं होतं? आयझॅक अॅसिमॉव्हच्या १९५०च्या ‘पेबल इन द स्काय’मध्ये पृथ्वी किरणोत्साराने पोळलेली, एका आकाशगंगाव्यापी साम्राज्याची उपेक्षित वसाहत आहे आणि तिथले लोक बंडाच्या तयारीत आहेत. ‘स्टार ट्रेक’मध्ये तीच पृथ्वी ग्रहांच्या महासंघाचं केंद्र झाली, कारण साठच्या दशकातल्या अमेरिकेला जगाचं केंद्र आपण आहोत याबद्दल शंका नव्हती. १९७४ साली अर्सुला ल ग्विनने ‘द डिस्पझेस्ड’मध्ये पृथ्वीची राजदूत उभी केली, ती सांगते की आमचा ग्रह आम्हीच उजाड केला. आणि २०११पासून सुरू झालेल्या ‘द एक्स्पान्स’ मालिकेत संयुक्त राष्ट्रांच्या अंमलाखालची पृथ्वी म्हणजे म्हातारी, खर्चिक, हक्क सोडायला तयार नसलेली सत्ता. मंगळ तिच्याशी बरोबरी करतोय, लघुग्रहांवरचे कामगार तिच्या नावाने बोटं मोडताहेत, आणि तिच्या वतीने डाव टाकणारी बाई आहे ख्रिस्जेन अवसराला, साडी नेसणारी. साठ-सत्तर वर्षांत पृथ्वी वसाहतीपासून राजधानीपर्यंत आणि राजधानीपासून पडत्या साम्राज्यापर्यंत फिरून आली. लेखकांचे देश जगात जिथे उभे होते, तिथे तिथे त्यांनी पृथ्वीला उभं केलं.

यात एक कादंबरी अशी आहे, की ती वाचताना मराठी वाचकाला जागचं हलता येत नाही. रॉबर्ट हाइनलाइनची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’, १९६६ची. चंद्रावरची वसाहत पृथ्वीसाठी गहू पिकवते आणि पृथ्वीवरच्या भुकेल्यांना तो पुरवता पुरवता स्वतः कोरडी पडते. ते भुकेले म्हणजे मुख्यतः हिंदुस्थानातले लोक. जागतिक सत्तेचं ठाणं आहे आग्र्यात. चंद्रावरचे बंडखोर आपलं म्हणणं मांडायला तिथेच येतात. आता १९६६ साल आठवा. पीएल-४८० कराराखाली अमेरिकेचा गहू येत होता, आणि पाठोपाठच्या वर्षांतल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव आमच्या घरातली वडीलमंडळी अजून विसरलेली नाहीत. रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस अमेरिकन कादंबरीत चंद्राचं रक्त शोषणारं तोंड झाला होता. तोच माणूस मराठीत कुणी लिहायला हवा होता. चंद्रावरचा गहू ज्याच्या ताटात पडतो, त्याच्या बाजूने. कुणीच लिहिला नाही. आमचे लेखक त्या वेळी कृष्णविवराकडे निघाले होते.

मराठी पृथ्वी कुणावर राज्य करत नाही, ही गोष्ट मात्र मला अभिमानाची वाटते. माझ्या वाचनातल्या शे-दोनशे मराठी विज्ञानकथांत पृथ्वीने दुसरा ग्रह जिंकला, तिथले लोक बाटवले, खाणी लुटल्या, अशी गोष्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाही. ज्यांनी दीडशे वर्षं परक्यांची सत्ता सोसली, त्यांच्या स्वप्नातसुद्धा वसाहत येत नाही. पसायदान कानावर घेत वाढलेल्या भाषेत विश्व हे मागणं मागायचं ठिकाण आहे, लुटायचं नाही. मराठीत बाहेरचं कुणी येतं ते बहुधा पाहुणा म्हणून. देणगी घेऊन, निरोप घेऊन, कधी शाप घेऊन. नारळीकरांच्या शीर्षकांकडेच पाहा. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’. पृथ्वी यात सतत उंबरठ्यावर उभी आहे आणि कुणीतरी दार वाजवतंय.

या उंबरठ्यावरच्या पृथ्वीची एक विकृत बाजूही पुण्यात खूप वाचली गेली. एरिक फॉन डॅनिकेनच्या पुस्तकांचं मराठीत जे स्वागत झालं, त्यातून देव म्हणजे परग्रहावरचे अंतराळवीर, ही कल्पना घराघरात शिरली. डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णींच्या ‘पृथ्वीवर माणूस उपराच!’ने तर माणूस इथला नाहीच असा दावा मांडला. ही पुस्तकं विज्ञान म्हणून वाचली गेली, हे वाईट झालं. त्यांतला पुरावा टिकणारा नाही. पण कल्पना म्हणून त्यांची पकड एवढी का होती, ते समजून घ्यायला हवं. आपण कुणाची तरी वसाहत आहोत, आपल्याला कुणीतरी इथे आणून सोडलं, आपले देव म्हणजे आपले पहिले गोरे साहेब, ही शंका पारतंत्र्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या मनात सहज रुजते. चांगल्या विज्ञानकथाकाराने ही शंका हाती घेऊन तिचं कादंबरीत काय केलं असतं! ते काम खोट्या पुराव्यांवर सोडून दिलं गेलं.

नारळीकरांच्या पिढीचे नि नंतरचे लेखक एका रांगेत बसवणं बरोबर नाही, प्रत्येकाची वाट निराळी. बाळ फोंडक्यांनी जीवशास्त्र नि गुन्ह्याचा तपास एकत्र आणला. १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ संपादित करून त्यांनी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा एकमेकींच्या शेजारी बसवल्या, हे त्यांचं काम फार मोठं. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. सुबोध जावडेकर माणसाच्या मनाचा नि तंत्राचा तिढा सोडत नाहीत. निरंजन घाट्यांनी पुण्यात बसून या प्रकाराला वाचक मिळवून दिले, ‘स्पेसजॅक’सारखी पुस्तकं मुलांच्या दप्तरात पोचवली. शुभदा गोगट्यांचं ‘यंत्रायणी’ यंत्रयुगाकडे बाईच्या नजरेने बघतं, आणि त्याच गोगट्यांनी ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’त बोरघाटातली रेल्वे बांधणाऱ्यांची गोष्ट सांगितली. मला ही दोन पुस्तकं शेजारी ठेवावीशी वाटतात. मोठं बांधकाम कुणाच्या जिवावर उभं राहतं, हे ज्यांना घाटात दिसलं, त्यांच्या लेखणीतून अंतराळस्थानकाचा घाटही यायला हवा होता. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे संजय ढोले अजून नेमाने लिहीत आहेत. हे सगळं उणं लेखण्यासारखं नाही.

पण बहुतेक मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकासाठी लिहिली जाते. बारा-पंधरा पानं. तेवढ्यात एक कल्पना मांडायची, एक पात्र उभं करायचं, शेवटी एक कलाटणी द्यायची. एवढ्या जागेत धूमकेतू मावतो, पण शासनव्यवस्था मावत नाही. उद्याच्या पृथ्वीवर कर कोण गोळा करतं, पाणी कोण सोडतं, भाषा कुठली चालते, मुलं कुठे शिकतात, बाईला रात्री घराबाहेर पडता येतं का, हे सांगायला कादंबरी लागते. आणि मराठीत विज्ञान कादंबऱ्या विज्ञानकथांच्या मानाने फार थोड्या.

किम स्टॅन्ली रॉबिन्सनची २०२०ची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ उत्तर प्रदेशातल्या एका भयंकर उष्णतेच्या लाटेने सुरू होते. माणसं तळ्यात उतरतात आणि तळ्यातच मरतात. त्यानंतर भारत सरकार जगाची परवानगी न घेता वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे कण फवारतं, ऊन अडवायला. ते वाचताना मला लगेच नारळीकरांची ‘हिमप्रलय’ आठवली. तिथे मुंबईत बर्फ पडतो, उत्तरेकडचे श्रीमंत देश गोठतात, आणि वातावरण तापवण्यासाठी थुंब्याहून अग्निबाण सोडले जातात. एक गारठवतो, दुसरा तापवतो, पण हात एकच, भारताचा. नारळीकरांना ही कल्पना रॉबिन्सनच्या कितीतरी आधी सुचली होती. फरक कुठे आहे? रॉबिन्सनचा भारत करार मोडतो, जगाची बोलणी खातो, घरातलं सरकार बदलतो, आणि ते पाऊल योग्य होतं की नव्हतं यावर पुढची पाचशे पानं माणसं भांडत राहतात. नारळीकरांचे अग्निबाण सुटतात आणि प्रश्न सुटतो. हिमयुगाने जगाची श्रीमंती विषुववृत्ताकडे ढकलली, तर गोठलेल्या युरोपातून येणाऱ्या माणसाला भिवंडीच्या यंत्रमागावर काम मिळेल का, आणि मिळालं तर तिथला आधीचा कामगार काय म्हणेल, ही गोष्ट त्या बर्फाखाली तशीच राहिली आहे. आजही कुणी ती उकरून काढली तर मराठीत एक मोठी कादंबरी होईल.

ज्यांनी हे ओळखलं ते नंदा खरे विज्ञानकथेच्या अंगणातले नव्हते. नागपूरचे स्थापत्य अभियंते, ‘आजचा सुधारक’चे संपादक, ‘अंताजीची बखर’चे लेखक. म्हणजे पुन्हा मराठ्यांचा इतिहास हाताळून भविष्याकडे आलेला माणूस. ‘उद्या’ ही त्यांची कादंबरी २०१४ची. तिच्यात परग्रहावरचं कुणी येत नाही, यान सुटत नाही, जग संपत नाही. आजचंच थोडं पुढे सरकलेलं जग आहे. माणसावर पाळत आहे, माहितीचा व्यापार आहे, मुलींची संख्या घटत गेल्याचे परिणाम आहेत, भांडवल नि सत्ता यांचा एकमेकांत मिसळून गेलेला चेहरा आहे. इथे पृथ्वीचा कारभार कोण बघतं, हा प्रश्न पहिल्यांदा सरळ विचारला गेला. खऱ्यांची भाषा वाचकाला गोंजारत नाही. काही प्रकरणं मलाही पुन्हा पुन्हा वाचावी लागली. पण जिथे तिथे एक तज्ज्ञ येऊन सगळं निस्तरतो, ही आपली जुनी सवय त्यांनी मोडली. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘उद्या’ला जाहीर झाला आणि समाजाने आपल्याला पुरेसं दिलं आहे, असं सांगून खऱ्यांनी तो नाकारला. २०२२च्या जुलैमध्ये ते गेले.

‘उद्या’ला कुणी विज्ञान कादंबरी म्हणत नाही आणि विज्ञानकथांच्या चर्चासत्रांत तिचं नाव क्वचितच निघतं. ही विभागणी आपल्याला महागात पडते आहे. २०२१च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४व्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तेव्हा विज्ञानकथेला साहित्याच्या घरात पाटावर बसवलं, असं आम्हाला वाटलं. प्रकृतीमुळे त्यांना नाशिकला जाता आलं नाही. ‘उद्या’चा २०२०चा पुरस्कारही त्याच वर्षी, २०२१मध्ये, जाहीर झाला होता. पण या दोन टोकांना जोडणारं बोलणं तेव्हाही झालं नाही.

मी पुण्यात राहतो, त्यामुळे मला उद्याच्या पृथ्वीचं राजकारण शोधायला लांब जावं लागत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं, मिळून साधारण २९ टीएमसी साठा. त्यातलं किती पाणी शहराला आणि किती कालव्यातून दौंड-इंदापूरच्या उसाला, यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जे घडतं, ते मंगळावरच्या पाण्यावर उद्या जे घडेल त्याहून निराळं नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा शहराला कळायच्या आत नदीपात्राजवळच्या पेठांत पाणी शिरलं. ‘धूमकेतू’तली गुप्तता कागदावर सोयीची वाटते. पण धोक्याची बातमी वेळेवर कुणापर्यंत पोचते आणि कुणापर्यंत पोचत नाही, हे ज्या शहराने एकदा सोसलं, त्याच्या लेखकांनी त्या कथेतल्या बंद दाराकडे इतक्या सहज पाठ फिरवायला नको होती.

आणि खोडद आहे, तिथली रेडिओ दुर्बीण आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला आत वळलं, की द्राक्षांच्या नि टोमॅटोच्या शेतांतून अचानक तिच्या बशा दिसू लागतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० बशा, मधल्या भागात १४ आणि बाकीच्या तीन दिशांना मैलोन्‌मैल पांगलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून त्या हलक्या नि स्वस्त केल्या. खाली उभं राहून वर पाहिलं, तर जाळीतून आभाळ दिसतं, आणि एवढी मोठी वस्तू आहे की नाही असं वाटून जातं. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या हायड्रोजनची पुसट कुजबुज ऐकण्यासाठी हे उभं केलंय. ते ऐकू यावं म्हणून आसपास मोबाइल बंद ठेवायचे, गोंगाट करणारे उद्योग येऊ द्यायचे नाहीत. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग या परिसरातून आखला गेला, तेव्हा दुर्बिणीच्या बाजूने आक्षेप आला आणि मार्ग बदलायची पाळी आली. खगोलशास्त्रज्ञांचं म्हणणं खोटं नाही, असं यंत्र जगात पुन्हा उभं करणं सोपं नाही. ज्याचा टोमॅटो दर हंगामात वाटेवर नासतो आणि जो वर्षानुवर्षं त्या रेल्वेची वाट बघतोय, त्याचंही खोटं नाही.

विज्ञान दिनाच्या सुमारास एकदा मी तिथे गेलो होतो. शाळांच्या बसगाड्या लागल्या होत्या, मांडवात मुलांचे प्रयोग मांडले होते. एक संशोधक तरुण गावातल्या दहा-बारा बायकांना समजावून सांगत होता, की इथे येणारे संदेश किती दुरून येतात. तो चांगलं सांगत होता, सोप्या मराठीत. त्यातल्या एकीने विचारलं, “समजा वरून कुणी खरंच काही बोललं, तर तुम्ही आधी कुणाला सांगणार?” तो जरा थांबला. मग म्हणाला, आधी पुन्हा पुन्हा तपासून बघू, मग वरिष्ठांना, मग बाहेरच्या देशांतल्या दुर्बिणींना. ती म्हणाली, “आणि आम्हाला?” तो म्हणाला, “पेपरात येईलच की.” बाकीच्या बायका पुढच्या टेबलाकडे सरकल्या होत्या, ती तिथेच उभी राहिली.

मला ती गोष्ट वाचायची आहे. खोडदला संदेश येतो. पृथ्वीने उत्तर द्यायचं आहे. केंब्रिज, बीजिंग, दिल्ली यांचे फोन खणखणू लागण्याआधीच्या तीन तासांत, ज्यांच्या शिवारात त्या बशा उभ्या आहेत, त्या गावाची ग्रामसभा बसते. कोण कोण येतं, कोण बोलतं, कुणाला बोलू दिलं जात नाही, रेल्वेची गोष्ट कोण काढतं, आणि बाहेर पोलिसांची गाडी येऊन उभी राहते तेव्हा आत ठराव कुठवर आलेला असतो. यात पृथ्वी वाचते की नाही याची मला घाई नाही.

त्या दिवशी परत निघताना ऊन उतरलं होतं. बशा एकाएकी हलू लागल्या, आवाज न करता, सगळ्या मिळून, एकाच दिशेला. शाळेच्या बसमधली मुलं खिडक्यांतून ओरडली. रस्त्यालगतच्या वावरात बायका कांदा काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं.